पाहणी न झालेली खोली

गुरुवार, १५ मे, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. धारच्या नौगाव भागातल्या खलाटे यांच्या घराचं छप्पर वादळात उडालं. सिमेंटचे काही पत्रे शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर जाऊन पडले, काही घरातच कोसळले. त्या वेळी घरात भाडेकरू धवल पाटीदार याची बायको प्रियांका एकटीच होती. तिला सातवा महिना लागला होता. ती स्वयंपाकाच्या ओट्याखाली शिरून बसली, म्हणून तिला काही लागलं नाही.

घराची मालकीण माधवी खलाटे तेव्हा देवासला होती. गिअर बनवणाऱ्या एका कारखान्याच्या डिस्पॅच विभागात ती पुण्याला निघालेल्या ट्रकचे कागद तपासत होती. फोन धवलचा होता.

"काकीजी, छत उड गई."

"प्रियांका?"

"ठीक है. रो री है बस."

"बाकी?"

"बाकी क्या बताऊँ. किचन में खडे होके ऊपर देखो तो सीधा आसमान है."

"फोटो भेज," माधवी म्हणाली. फोन ठेवून तिने उरलेले कागद पुरे केले. ट्रक वेळेवर निघाला.

फोटो आले. तिने ते एकेक करून पाहिले. ओट्यावर विटांचा चुरा, पलंगावर तुटलेला पत्रा, प्रियांकाच्या औषधांच्या डबीत माती. फोटो पाहताना आपल्याला काहीच वाटत नाही, हे तिच्या लक्षात आलं. पण जानेवारीपासून तिला कशाचंच काही वाटत नव्हतं, त्यामुळे ते नवीन नव्हतं.

जानेवारीत तिचे पती शुभंकर गेले. धारच्या घराला रंग द्यायचा म्हणून ते बघायला गेले होते. ओसरीवर धवलशी बोलता बोलता त्यांनी छातीवर हात ठेवला आणि खाली बसले. धवलने त्यांना उचलून शेजाऱ्याच्या गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं. माधवी देवासहून निघाली, तोपर्यंत सगळं संपलं होतं. त्यांना देवासलाच आणणार होते, म्हणून तिला इंदूरच्या बसस्थानकावरच थांबवून घेतलं गेलं. त्यानंतर ती धारला गेली नाही. देवासहून धार अडीच तासांवर आहे, इंदूरला तेवढी बस बदलावी लागते. कोणी विचारलं की ती सांगायची, रजा नाही. रजा पुष्कळ होती.

घर सासऱ्यांनी बांधलेलं. विटा पक्क्या, पण त्यांची जुडाई सिमेंटऐवजी मातीची. आधी वर कवेलू, म्हणजे कौलं होती, मग सिमेंटचे पत्रे आले. एका ओळीत खोल्या, शेवटी मागची खोली आणि तिला लागून देवघर. दोन वर्षांपूर्वी शुभंकरने घर माधवीच्या नावावर केलं होतं आणि त्याच वेळी त्याचा विमाही उतरवला होता. विमा त्या वेळी सगळ्यांना फालतू वाटला होता.

संध्याकाळी भैयासाहेब आले. शुभंकरचे थोरले बंधू, सरकारी नोकरीतून निवृत्त, देवासला दोन गल्ल्या पलीकडे राहणारे. जानेवारीपासून ते रोज यायचे, चहा घ्यायचे आणि टीव्हीवरच्या बातम्यांना नावं ठेवून परत जायचे.

"माधवी, तुम्ही काळजी करू नका. छप्परच गेलं आहे, घर नाही गेलं," ते म्हणाले. "आणि एक पाहिलंत का? सगळं उडालं, पण देवघरावरचे पत्रे जागेवर. आमचे देव जागृत आहेत, उगाच नाही म्हणत."

"एक तडकलाय. फोटोत दिसतो."

"तडकला आहे, उडालेला नाही."

माधवीने त्यांच्यासमोर कप ठेवला. मग हैदराबादला नोकरी करणाऱ्या मुलाला, मननला, फोन लावून स्पीकरवर टाकला. विम्याचं ऑनलाइन काम त्यालाच जमणारं होतं.

"क्लेम टाकलाय, आई. सर्व्हेयर येईल एक-दोन दिवसांत. त्याला सगळं दाखव. एकही रूम सोडू नको, नाहीतर नंतर ते लोक मना करतात."

"सगळं म्हणजे देवघर सोडून," भैयासाहेब म्हणाले.

"का बरं?"

"मघाशीच लिहून टाकलंय घरच्या ग्रुपवर, वाचलं नाहीस?"

"भैयासाहेब, तुम्ही एवढं लांब मराठीत लिहिता, मला वाचायला वेळ लागतो. व्हॉइस नोट टाका न."

"घ्या! बापाचं वर्ष व्हायचं आहे आणि चिरंजीवांना मराठी वाचता येईना."

"येतं. स्लो येतं."

भैयासाहेबांनी मग तोंडी सांगितलं. खलाट्यांचे टाक धारच्या त्या खोलीत, पेटीत असतात. नवरात्राला आणि चंपाषष्ठीला ते बाहेर निघतात. देवांची पाळी घराण्यातल्या तिन्ही शाखांत वर्षावर्षाने फिरते आणि ज्याची पाळी, त्याच्याकडे किल्ली. या वर्षी पाळी शुभंकरची होती. पाळी चालू असताना पाळीकरी गेला, तर त्याचं वर्ष होईपर्यंत ती खोली उघडत नाहीत आणि देवांना हात लावत नाहीत. मागे घराण्यातले आबासाहेब पाळीवर असताना गेले, तेव्हा सगळ्या घराण्याने चंपाषष्ठी सोडली होती.

"पण आत पाणी गेलं तर?" मननने विचारलं.

"पेटी सागवानी आहे."

"आई, तू बोल न काही."

"सर्व्हेयरचा नंबर पाठव," माधवी म्हणाली.

सर्व्हेयर शनिवारी गेला. माधवी त्या वेळी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये बसून व्हिडिओ कॉलवर होती. धवल फोन धरून त्याच्या मागेमागे फिरत होता. सर्व्हेयर तरुण होता, मानेला ओला रुमाल गुंडाळलेला. टेपने भिंती मोजायचा, फोटो काढायचा आणि मधूनच म्हणायचा, "भिया, जरा उजाले में लो." मागच्या खोलीत तो आला आणि कुलूप लावलेल्या दारासमोर थांबला.

"मैडम, ये रूम?"

"बंद है. देवघर है."

"खुलवा दीजिए, दो मिनट का काम है."

"चाबी देवास में है."

"तो मैं सोमवार को फिर आ जाता हूँ."

"सोमवार को भी नहीं. जनवरी तक नहीं खुलेगा."

सर्व्हेयर हसला. "जनवरी तक? अंदर भगवान हैं कि मंत्रीजी?"

धवलही हसला आणि लगेच गप्प झाला. माधवीच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

"देखिए मैडम, मैं जो देखूँगा वही लिखूँगा. बंद है तो लिख दूँगा बंद है, देखा नहीं. फिर उसका पैसा नहीं आएगा. और जो छत का काम होगा, वो इसी दीवार पे आके रुकेगा. सोच लीजिए."

"लिख दीजिए."

त्याने लिहिलं. माधवी कॅन्टीनमधून उठली आणि परत आपल्या टेबलाशी येऊन बसली.

कंपनीने दावा मंजूर केला. पत्र्यांच्या वयाप्रमाणे काही कापलं, देवघर वगळलं, बाकी दिलं. मननने फोनवर "भारी!" म्हटलं. माधवीने "हो" म्हटलं. आता प्रश्न दिवसांचा होता. पाऊस जूनच्या तिसऱ्या आठवड्यात येतो आणि प्रियांकाला जुलैअखेरची तारीख दिलेली होती. तिचा रक्तदाब वाढलेला होता. डॉक्टरांनी धार सोडू नका म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे बाळंतपणाला सासरी धरमपुरीला जाणं शक्य नव्हतं. धवलने दुसरी घरं पाहिली होती. दिवस भरत आलेली बाई आहे म्हटल्यावर मालक लोक आधी हसायचे, मग म्हणायचे, श्रावणानंतर बघू. तोवर नवरा-बायको पुढच्या खोलीत ताडपत्रीखाली राहत होते. उन्हाने ताडपत्री तापली की प्रियांका ओला पंचा डोक्यावर घेऊन ओसरीवर बसायची.

धवलने हे सगळं एकदाच सांगितलं. पुढे तो नुसतं "काकीजी, कब तक?" एवढंच विचारायचा. त्याचं उत्तर देण्यासाठी माधवीने छपराचं काम डिस्पॅचच्या कामासारखं चालवायला घेतलं. ते तिला येत होतं. माल इथून न हलता सहाशे किलोमीटरवर बरोबर पोहोचवायचा असतो आणि मधे काय होतं ते फोटोतून बघायचं असतं. लोखंडाचे पाइप उतरले की फोटो, जोड मारले की फोटो, पत्रे चढले की फोटो. रोज सकाळी कामाला लागायच्या आधी एक आणि सुट्टीच्या वेळी एक. धवल न चुकता पाठवायचा. पॅथॉलॉजी लॅबमधल्या नोकरीमुळे त्याला नमुन्यांवर नावं घालायची सवय होती. तो फोटोंनाही नावं घालायचा: "किचन, पूर्व", "बीच का कमरा, जोड".

ठेकेदार मानाजी धारचाच, मराठी बोलणारा, भरपूर बोलणारा.

"ताई, तुम्ही देवासला बसून मला जेवढं राबवलं न, तेवढं माझ्या सासऱ्यानं नाही राबवलं. काल जेवताना घास हातात होता, तुमचा फोन. बायको म्हणते, ही ताई कोण?"

"पाइपला रंग दोन हातांचा ठरला होता. फोटोत एकच दिसतो."

"दुसरा वाळून राहिलाय!"

"वाळला की फोटो पाठवा."

पत्रे निळे बसले, जुन्यापेक्षा वीतभर उंच, नव्या पाइपांवर. उतार मागच्या बाजूला. देवघराच्या भिंतीपाशी नवं छप्पर संपायचं आणि पलीकडे जुने पत्रे तसेच. मानाजीने फोन केला.

"ताई, इथे एक गोष्ट आहे. नव्याचं पाणी जुन्यावर पडणार आणि जुना तडकलेला. वरून चार पत्रे बदलून टाकू का? हातासरशी होऊन जाईल. पैसे नंतर बघू."

त्या संध्याकाळी माधवीने भैयासाहेबांना विचारलं.

"बदला न. आमची कुठे ना आहे?" ते म्हणाले. "पण पत्रा काढला की देव उघड्यावर पडले. मजूर वर बसून बिड्या ओढणार, खाली आमचे टाक. त्यासाठी आधी देव हलवले पाहिजेत. आणि देव हलवायचे तर हात कोण लावणार, सांगा. आम्ही लावू? आम्हांलाही चालत नाही. सख्खा भाऊ गेला आहे आमचा."

शेवटचं वाक्य म्हणताना त्यांचा आवाज बदलला. त्यांनी चष्मा काढून पुसला. माधवी त्यांच्याकडे बघत राहिली. या माणसाला रडता येतं, असं काहीसं तिच्या मनात आलं आणि गेलं.

"वरून ताडपत्री टाकून घ्या," ते म्हणाले. "पावसाच्या चार महिन्यांचा तर प्रश्न आहे."

तिने मानाजीला तसं सांगितलं.

"बरं. देवांचं देव बघतील," मानाजी म्हणाला आणि जुन्या पत्र्यांवर ताडपत्री टाकून विटा ठेवून दिल्या. त्याचाही फोटो आला. जोडावर डांबर लावलं होतं. चित्र नीट दिसत होतं.

१४ जूनला काम पुरं झालं. कंपनीने शेवटचे फोटो मागितले, माधवीने पाठवले, उरलेली रक्कम आली. पाऊस त्यानंतर आठवड्याने सुरू झाला आणि नवीन छप्पर एका थेंबानेही गळलं नाही. धवलने स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या प्रियांकाचा फोटो पाठवला. ती वर बोट दाखवून हसत होती. माधवीने अंगठा पाठवला.

जुलैच्या सुरुवातीला धवलची आई भवानीबाई धरमपुरीहून सुनेच्या बाळंतपणासाठी आल्या. पुढची खोली प्रियांकाची, मधल्या खोलीत सामान, म्हणून त्यांची खाट मागच्या खोलीत लागली, देवघराच्या भिंतीला टेकून. देवांच्या शेजारी झोपायला मिळतंय म्हणून त्या खूश होत्या. आल्या दिवशीच त्यांनी धवलच्या हातातून फोन घेतला आणि माळवीत माधवीला घर बघायला बोलावू लागल्या.

"बेन, घर थारो ने सोवाँ हम. एक दन आई ने देखी तो जा. के फोटू में ज रेवेगी?"

"आऊँगी."

"कद?"

"बच्चा होने पे."

"हाँ. छोरो होय के छोरी, तू आवजे. लड्डू म्हारा हाथ का." आणि मग जरा हळू, शुभंकरबद्दल: "थारा मनख को सुण्यो म्हने. धवल घणो रोयो थो. तू रोई के नी?"



"ट्रक खडा है, बाद में बात करती हूँ," ती म्हणाली. त्या वेळी कोणताही ट्रक उभा नव्हता.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात माळव्यात सतत पाऊस लागला. वाऱ्याने देवघरावरच्या ताडपत्रीच्या विटा सरकल्या. मानाजी कुक्षीला दुसऱ्या कामावर होता. तो म्हणाला, उघडीप मिळाली की बघतो. उघडीप मिळाली नाही.

बुधवारी, १६ जुलैला, धवलचा फोटो आला: "पीछे का कमरा, दीवार, नमी". भिंतीवर खालून वर चढलेला, परातीएवढा ओला डाग. माधवीने विचारलं, टपकतंय का? टपकत नव्हतं. गुरुवारचा फोटो आला, त्यात डाग खाटेच्या उंचीला आला होता. शुक्रवारी दुपारी त्याने फोन केला.

"काकीजी, पानी अंदर से आ रहा है. देवघर में भरा होगा. दरवाजे के नीचे से भी थोडा निकला, मैंने बोरी लगा दी."

"दीवार में दरार है?"

"दरार तो नी दिख री. पर हाथ लगाओ तो... कैसे बोलूँ. नरम लगती है. थोडी बाहर को आई है, ऐसा लगता है."

"फोटो में तो सीधी है."

"फोटो में सीधी ही दिखेगी, काकीजी. सामने से लिया है."

माधवीने फोटो पुन्हा मोठा करून पाहिला. भिंत सपाट दिसत होती. डाग, खिळा, खिळ्याला अडकवलेली भवानीबाईंची पिशवी.

"मैं एक बात बोलूँ?" धवल म्हणाला. "आप बोलो तो ताला मैं काट दूँ. अंदर का पानी उलीच के, नया ताला लगा दूँगा. मूर्ति को हाथ नी लगाऊँगा, कसम से. साहब लोगों को पता भी नी चलेगा."

माधवीच्या टेबलावरून भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं. साडेतीनचा ट्रक लागायचा होता. भैयासाहेबांना विचारायला हवं होतं. ते काय म्हणतील हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिने विचारलं नाही. घर तिच्या नावावर होतं, हेही तिला ठाऊक होतं. ती दोन्ही गोष्टी एकाच वेळी बघू शकत होती, आणि दोन्हींपैकी एकीनेही तिच्या आत काही हलत नव्हतं.

"ताला मत छेडना," ती म्हणाली. "संडे को मानाजी को भेजती हूँ. बाई की खाट आगे ले ले तब तक."

"बोला मैंने. बोलती है, आगे प्रियांका को नींद नी आती मेरे खर्राटों से."

"फिर भी बोल."

"बोलता हूँ."

तिने मानाजीला निरोप टाकला. त्याने हात जोडलेलं चित्र पाठवलं. शनिवारी तिने धवलला खाट हलवली का, असं विचारायचं ठरवलं होतं. शनिवारी तीन ट्रक होते.

रविवार, २० जुलै, सकाळी सहाच्या सुमारास देवघर आणि मागची खोली यांच्यामधली भिंत बसली. भवानीबाई खाटेवर होत्या. नुकत्याच उठून त्यांनी चहा मागितला होता. प्रियांका चहा टाकत होती, म्हणून मागच्या खोलीत नव्हती.

माधवीचा फोन वाजला तेव्हा ती गॅलरीत कपडे वाळत टाकत होती.

"काकीजी, दीवार गिर गई."

"कौन सी?"

"पीछे की. बाई नीचे थी."

"फोटो भेज," माधवी म्हणाली.

 पलीकडे धवलच्या मागे माणसं ओरडत होती, "उठा, उठा, पैर पकड." मग धवलने फोन कापला.

आपण काय म्हणालो, ते माधवीला थोड्या वेळाने कळलं. तिने परत फोन लावला. त्याने उचलला नाही. हातातली ओली साडी तिने दोरीवर टाकली, चिमटा लावला, आणि भैयासाहेबांना फोन केला.

"भिंत पडली. धवलची आई खाली सापडली."

"अरे देवा. जिवंत आहेत न?"

"माहीत नाही."

"आणि देव?"

"तेही माहीत नाही."

साडेसातला मानाजीचा फोन आला. तो कुक्षीहून पोहोचला होता. आज तो विनोद करत नव्हता. भवानीबाईंना बाहेर काढलं होतं. डोक्याला मार, बोलत नव्हत्या, श्वास चालू होता. धारच्या दवाखान्याने इंदूरला पाठवलं. धवल त्यांच्याबरोबर ॲम्ब्युलन्समध्ये गेला. प्रियांका शेजाऱ्यांकडे होती. देवघराचा जुना पत्रा आत कोसळला होता, पेटी चिखलात होती, बंद होती, कोणी हात लावला नव्हता.

"ताई, मी शुक्रवारीच यायला पाहिजे होतं," तो म्हणाला.



ती आणि भैयासाहेब एकाच बसने इंदूरला निघाले. पाऊस होता, काचा बंद होत्या. भैयासाहेबांनी कोट घातला होता आणि मांडीवर एक धुतलेलं रेशमी सोवळं घडी करून ठेवलं होतं. क्षिप्रेचा पूल गेल्यावर ते म्हणाले,

"आता तर उघडलंच गेलं. आता हात लावायला हरकत नाही, असं आम्हांला वाटतं. तुम्हांला काय वाटतं?"

"मला काही वाटत नाही."

"रागावला आहात."

"नाही, भैयासाहेब. खरंच नाही." तिने थोडा विचार करून पाहिलं. "त्याने शुक्रवारी विचारलं होतं, कुलूप तोडू का म्हणून. मी नको म्हटलं. तुम्हांला विचारलंही नाही."

भैयासाहेबांनी मांडीवरच्या सोवळ्याची घडी नीट केली.

"विचारलं असतं तर आम्हीही नकोच म्हटलं असतं," ते शेवटी म्हणाले.

"हो. म्हणूनच विचारलं नाही."

इंदूरला भैयासाहेब गंगवाल बसस्थानकाकडे गेले, धारच्या बससाठी. माधवी रिक्षाने दवाखान्यात गेली.

धवल अतिदक्षता विभागाच्या बाहेर जमिनीवर बसला होता. त्याच्या केसांत आणि भुवयांत माती होती. माधवी त्याच्या शेजारी बसली. जमीन ओली होती, कोणीतरी नुकतीच पुसली होती.

"डॉक्टर काय... डॉक्टर क्या बोले?"

"सूजन है दिमाग में. बोलते हैं, अभी कुछ नी बोल सकते."

"तूने कुछ खाया?"

त्याने मान हलवली. तो समोरच्या दाराकडे बघत होता. मग आवाज न चढवता म्हणाला,

"आपने पूछा नी, खाट क्यों नी हटाई."

"क्यों नहीं हटाई?"

"हटाई थी. शनिवार को दिन में हटा दी थी मैंने. शाम को वो खुद वापस ले गई. बोली, भगवान के पास हूँ, मुझे क्या होना है." त्याने तळहाताने तोंड पुसलं, माती पसरली. "आपको फोन करने वाला था. फिर सोचा, काकीजी बोलेंगी, फोटो भेज."



दुपारी मननचा फोन आला. तो विमानाने यायचं बघत होता. त्याने कंपनीत विचारलं होतं. ती खोली पाहणीत नव्हती, त्यामुळे तिच्या भिंतीचं काही मिळणार नव्हतं. "आणि आई, पोलीस विचारतील. मालक म्हणून तुझं नाव आहे. त्यांना सांगू नको, की तू मना केलं होतं."

"सांगणार आहे," माधवी म्हणाली.

"आई, प्लीज."

"धवलने विचारलं होतं, मी नको म्हटलं. एवढंच आहे ते."

तिने फोन ठेवला. धवलने ऐकलं होतं की नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. तो उठून आईच्या औषधाची चिठ्ठी घेऊन खाली गेला. माधवी त्याच्या जागेवर, दारासमोर सरकून बसली, म्हणजे कोणी नाव पुकारलं तर ऐकू यावं.

चारच्या सुमारास धारहून मानाजीने कळवलं, की भैयासाहेब पोहोचले आहेत, सोवळं हातात घेऊन अंगणातच बसले आहेत, आत गेलेले नाहीत. पोलिसांनी घराला दोरी लावली आहे. प्रियांकाचा रक्तदाब वाढल्यामुळे तिला धारच्या दवाखान्यात दाखल करून घेतलं आहे. सासू इंदूरला आहे एवढंच तिला सांगितलं आहे, कशी आहे ते सांगितलेलं नाही.

साडेपाचला नर्सने पाटीदारांचं नाव पुकारलं. माधवी उभी राहिली. धवल औषधं घेऊन अजून वर आला नव्हता.

"आप कौन लगती हैं?" नर्सने विचारलं.

माधवीने सांगितलं, की त्या आमच्या घरात राहतात.

घरच्यांशीच बोलायचं आहे, असं म्हणून नर्स आत गेली. दुसरा स्कॅन रात्री आठ वाजता होणार होता. सहा वाजेपर्यंत भवानीबाई शुद्धीवर आलेल्या नव्हत्या.